पथ्याच्या कागदावरचा चहा

आपल्या मंडळाच्या मासिक सभेत व्याख्यान संपले की सभागृहाच्या मागच्या टेबलावर दोन थर्मास येतात. एकात चहा, दुसऱ्यात कॉफी. व्याख्यान हृदयविकारावर असो वा मूत्रपिंडावर, त्यानंतर लागणाऱ्या दोन रांगा मात्र गेली कित्येक वर्षे त्याच आहेत. नांदेड, परभणी, बीडकडून हैदराबादेत आलेल्या घराण्यांतले आम्ही चहाकडे वळतो. म्हैसूर, बंगळूर, तंजावर या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहून नंतर इकडे आलेली मराठी मंडळी कॉफीकडे वळतात. मी जन्माने चहाच्या रांगेतला. माझी पत्नी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आणि जन्माने तंजावरच्या मराठी घराण्यातली, म्हणून कॉफीच्या रांगेतली. चाळीस वर्षांच्या संसारात आमचे बहुतेक मतभेद मिटले. रांगा काही एक झाल्या नाहीत.

संपादकांनी यंदा ‘काहीतरी हलकेफुलके लिहा’ अशी आज्ञा केली, तेव्हा हाच विषय प्रथम सुचला. लिहायला बसल्यावर मात्र ध्यानात आले की तो वाटतो तितका हलका नाही. कारण चहा-कॉफीच्या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झालेली आहे आणि ती वैद्यकीय चूक होती. ती सांगण्यापूर्वी या दोन पेयांविषयी थोडे बोलू द्यावे.

चहा : चारचौघांचा

चहाशिवाय आपली सकाळ होत नाही, म्हणून तो आपल्याकडे अनादी काळापासून असावा असे वाटते. वस्तुतः आसामच्या चहाची पहिली खेप लंडनच्या लिलावात विकली गेली ती १८३९ साली. महाराष्ट्रात तर एकेकाळी चहा पिणे हा धर्मसंकटाचा विषय होता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा ठेवला गेला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. मिशनऱ्यांच्या हातच्या त्या चहावरून उठलेला वाद शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेला आणि अखेर रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. पुढे १९०३ साली सरकारने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा पद्धतशीर प्रचार सुरू झाला. ज्या पेयाने एकेकाळी पंक्ती मोडल्या, त्याच पेयाने पुढच्या तीन पिढ्यांत साऱ्या पंक्ती एक केल्या.

आमच्या शहरात चहाला आणखी एक घराणे लाभले. इराणमधून मुंबई-पुण्यामार्गे आलेल्या मंडळींनी इथे हॉटेले काढली आणि इराणी चहा हैदराबादचाच होऊन गेला. झाकण घट्ट बसवलेल्या भांड्यात चहाचा अर्क मंद आचेवर मुरत असतो, शेजारी दूध आटत असते. आणि दोन्हींची भेट थेट कपातच होते. सोबत उस्मानिया बिस्किट. आमच्या विद्यार्थिदशेत चहात साखर इतकी असे की त्याला ‘खडे चमच की चाय’ म्हणत, म्हणजे चमचा उभा राहील असा चहा! महिनाअखेरीला एक कप दोघांत वाटून घेण्याची सोय होती आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. शरीरशास्त्राची कितीतरी पाने आम्ही त्या संगमरवरी टेबलांवर एकमेकांना म्हणून दाखवली आहेत.

चहाचे सुख मला नेहमी या सोबतीत दिसत आले. चहा एकट्याने पिता येतो, पण तो करताना आपण सहज विचारतो, ‘कुणी घेणार का अजून?’ आधण वाढवता येते, दूध वाढवता येते, गाळणीखाली आणखी एक कप मावतो. वैद्यकीय व्यवसायात तर मी याचा पुरता अनुभव घेतला. घरी रोगी पाहायला जाण्याचा प्रघात होता त्या काळात नाडी, रक्तदाब, छाती सारे तपासून होई, औषध लिहून होई आणि मग चहा येई. रोग्याची खरी तक्रार बाहेर पडे ती त्यानंतर. ‘डॉक्टरसाहेब, झोप लागत नाही ती खोकल्यानं नाही, मुलीचं जमत नाहीये म्हणून.’ ही वाक्ये बशीत चहा ओतल्यानंतरच ऐकू येत. बशीतला चहा निवायला लागणारी ती दोन-तीन मिनिटे मी आजही निदानाची मौल्यवान मिनिटे मानतो.

कॉफी : एकटीची

लग्नानंतर आमच्या स्वयंपाकघरात एक पितळी फिल्टर आला. त्याचे वेळापत्रक मला चमत्कारिक वाटे. सकाळच्या कॉफीची तयारी आदल्या रात्री! वरच्या भांड्यात कॉफीची पूड, त्यात थोडी चिकोरी, वरून चकतीचा हलका दाब आणि उकळते पाणी. मग रात्रभर थेंब थेंब अर्क खाली उतरत राहायचा. सकाळी त्यात कढत दूध मिसळायचे आणि पेल्यातून खालच्या खोल वाटीत, म्हणजे तिच्या भाषेत टंबलरमधून दवऱ्यात, हातभर उंचीवरून ओतत फेस आणायचा. आमच्या घरी चहा पाच मिनिटांत होत असे. पाच मिनिटांच्या सुखासाठी आठ तास आधी उठाठेव कशाला, असा माझा प्रश्न. त्या आठ तासांपासूनच सुख सुरू होते, असे तिचे उत्तर. झोपण्यापूर्वी फिल्टर भरला की उद्याची सकाळ पक्की झाल्यासारखी वाटते, असे ती म्हणे.

कॉफी आपल्याकडे चहाच्या फार पूर्वी आली. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संताने येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. तिथून कॉफी दक्षिणेत पसरली आणि तंजावरकडच्या मराठी घरांतही रुजली. तिच्या माहेरच्या मराठीत आणि माझ्या मराठवाडी मराठीत जेवढे अंतर, तेवढेच आमच्या दोन पेयांत.

एक गोष्ट समजायला मला बरीच वर्षे लागली. रात्रपाळी करून घरी आली की ती कॉफी घेऊन गॅलरीत बसे. मी चहाचा माणूस. मी माझा कप घेऊन शेजारी जाऊन बसे आणि बोलू लागे. ‘कशी गेली रात्र? किती केसेस झाल्या?’ ती शांतपणे म्हणे, ‘कॉफी संपू द्या.’ नव्या नवरदेवाला हा परकेपणा वाटे. पुढे उमगले. भूलतज्ज्ञ रात्रभर दुसऱ्यांचे श्वास मोजत असतो. ती दहा मिनिटे तिची स्वतःची होती आणि त्यांत कुणी नसणे हाच त्यांचा स्वाद होता. कॉफीचा गंध आठशेहून अधिक बाष्पशील द्रव्यांनी बनलेला असतो, असे पुस्तकात वाचले. ते सारे घ्यायला माणूस गप्प बसलेला बरा, एवढे मी शिकलो.

दोन्हींतले एकच द्रव्य

आपण डॉक्टर मंडळी मात्र या साऱ्याला एका शब्दात गुंडाळतो : कॅफीन. तोही इतिहास मनोरंजक आहे. १८१९ साली रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीतून हे द्रव्य वेगळे काढले. त्यासाठी त्याला कॉफीच्या बिया दिल्या होत्या महाकवी गटे यांनी! १८२७ साली चहातूनही एक द्रव्य मिळाले आणि त्याला ‘थेईन’ असे वेगळे नाव दिले गेले. सुमारे दहा वर्षांनी दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे सिद्ध झाले. मेंदूत दिवसभर साचत जाणारे ॲडिनोसिन आपल्याला झोपेकडे ओढते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, थकव्याचा निरोप तेवढा पोचत नाही.

कोरड्या वजनाला वजन पाहिले तर चहाच्या पत्तीत कॅफीन कॉफीच्या बियांहून अधिक भरते. पण एका कपाला पत्ती लागते दोनेक ग्रॅम आणि कॉफीची पूड त्याच्या कैक पट. म्हणून पेल्यात उलटे होते. आपल्या तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटरमागे आकडे दिले आहेत : अर्क काढलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५. दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमची मर्यादा संस्थेने सांगितली आहे. याच संस्थेचा आरंभ १९१८ साली चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या कुन्नूरला एका खोलीत झाला आणि १९५८ साली ती हैदराबादेत आली, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

चहात आणखी एक द्रव्य आहे, थिॲनिन. १९४९ साली जपानमध्ये ते प्रथम वेगळे केले गेले. कॉफीत ते नसते. चहाची तरतरी कॉफीपेक्षा सौम्य वाटते त्यात या द्रव्याचा वाटा असावा, असे काही अभ्यास सुचवतात. त्यातही व्यक्ती तितक्या प्रकृती. कॅफीनचा निचरा करणारे यकृतातील विकर कुणाचे चपळ, कुणाचे मंद. गरोदरपणात हा निचरा फारच मंदावतो, तर धूम्रपान करणाऱ्यांत तो वेगाने होतो. एकाला रात्री दहाची कॉफी पचते आणि दुसऱ्याला दुपारी चारचा चहा पहाटेपर्यंत छळतो, त्यामागे हे कारण आहे.

इतके सारे ठाऊक असूनही आपल्या औषधचिठ्ठीवर खाली एक ओळ सर्रास असते : ‘चहा-कॉफी बंद.’ ती लिहायला दोन सेकंद लागतात. मीही ती शेकडो वेळा लिहिली. एकदा ती घरातच लिहिली, तेव्हा तिचा अर्थ कळला.

ती ओळ

२००३ साली माझ्या वडिलांना, अण्णांना, डायलिसिस सुरू झाले. वीस वर्षांच्या मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी केली होती. अण्णा मूळचे नांदेड जिल्ह्यातले. हैदराबाद संस्थान अजून लोकांच्या बोलण्यात ताजे होते त्या काळात ते इथे येऊन मराठी शाळेत शिक्षक झाले आणि काचीगुड्याच्या घरात त्यांची हयात गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दिवसाला एकूण साडेसातशे मिलिलिटर द्रव, मीठ कमी, फळे मोजून. मूत्रपिंडतज्ज्ञ मित्राने हे सांगितले आणि मी घरी येऊन स्वच्छ अक्षरात पथ्याचा कागद तयार केला. शेवटची ओळ माझी स्वतःची होती. चहा म्हणजे द्रव, चहात साखर, चहात दूध आणि दुधात फॉस्फरस. तेव्हा ‘चहा-कॉफी बंद’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

अण्णांनी चष्मा लावून कागद शिक्षकाच्या शिस्तीने वाचला. म्हणाले, ‘ठीक आहे.’ मग थोड्या वेळाने विचारले, ‘अरे, पण मग सकाळी करायचं काय?’

मी हसलो. ‘थोडं चालत जा,’ म्हणालो.

पहाटे पाचला उठून पहिला चहा अण्णा करत. लग्न झाल्यापासूनचा त्यांचा हा नेम. आई दिवसभर सर्वांचे करी, म्हणून दिवसातला पहिला कप तिला आयता मिळावा, एवढाच त्यामागचा विचार. दोघे ओट्याजवळच्या दोन पाटांवर बसून चहा घेत. गुडघे धरल्यावर पाटांच्या जागी स्टुले आली. घर जागे होण्यापूर्वीचा हा अर्धा तास आम्हा मुलांना ठाऊक होता, तो अर्धवट झोपेत ऐकू येणाऱ्या कपबश्यांच्या आवाजावरून.

कागद लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी आईचे डोके दुखू लागले. मी रक्तदाब पाहिला, ठीक होता. पॅरासिटामॉल दिले. चौथ्या दिवशीही दुखत होते. वडिलांच्या आजाराचा ताण असेल, असे मी निदान केले आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा असेही ठरवले. पाचव्या दिवशी संध्याकाळी माझी पत्नी आईच्या कपाळाला बाम चोळत बसली होती. तिने सहज विचारले, ‘आई, तुम्ही चहा घेता ना?’

आई काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ते घेत नाहीत. मी कशी घेऊ?’

दिवसाला चार कप चहा घेणाऱ्या बाईने तो एकाएकी सोडला होता. कॅफीन तुटल्यावर बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते आणि ते आठवडाभर टिकू शकते. आज हे डीएसएम-५मध्ये २०१३पासून स्वतंत्र निदान म्हणून नोंदले आहे, आणि तेव्हाही मला ते ठाऊक होतेच. पण माझ्या कागदावर फक्त एका रोग्याचे नाव होते. त्या ओळीने दोघांचा चहा बंद झाला, हे मला दिसले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की दोघे पाचला उठतच होती. दिवा लावून स्टुलांवर बसत. थोड्या वेळाने आई म्हणे, ‘जा, पडा जरा,’ आणि दोघे उठत.

पत्नीने त्याच रात्री हिशेब मांडला. भूलतज्ज्ञाला मिलिलिटरची भीती नसते. गोळ्या गिळायला अण्णा दिवसाकाठी किती पाणी घेतात ते तिने मोजले. शक्य त्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर दिल्या. पाणी असे वाचवून तिने ८० मिलिलिटरची जागा काढली. साखर नाही, दूध दोन चमचे. राहिला प्रश्न भांड्याचा. आमच्या नेहमीच्या कपात ८० मिलिलिटर चहा तळाशी केविलवाणा दिसे. तिने आपल्या माहेरचा लहानात लहान पितळी टंबलर आणला. त्यात तो काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम जागा राहिलो. चहा अण्णांनीच केला. आईला तिच्या कपात, स्वतःला कॉफीच्या टंबलरमध्ये. पहिला घोट घेऊन म्हणाले, ‘साखर नाही.’ आई म्हणाली, ‘नाही.’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘चालेल.’ दोन दिवसांत आईचे डोके थांबले.

अण्णा त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे होते. दोन डायलिसिसमधल्या काळात वाढणारे त्यांचे वजन त्या ८० मिलिलिटरने कधी बिघडले नाही.

आता मी काय लिहितो

यावरून ‘चहा-कॉफी हवी तेवढी प्या’ असा अर्थ कुणी काढू नये. पथ्य लागते, आणि ते नेमके सांगता येते. पांडुरोग असलेल्या स्त्रीला मी चहा सोडा असे म्हणत नाही. जेवणापासून दूर ठेवा असे म्हणतो. १९८३ सालच्या एका प्रयोगात जेवणासोबतच्या चहाने लोहाचे शोषण ६४ टक्के घटले होते, कॉफीने ३९ टक्के. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने ते घटले नाही. तासभर नंतर घेतलेल्या कॉफीने मात्र जेवणासोबत घेतल्याइतकेच घटले. म्हणजे जेवणावर लगेच चहा ही आपली लाडकी सवय लोहाच्या गोळीची वैरीण आहे. थायरॉइडची गोळी सकाळी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-कॉफीसाठी निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. कोलेस्टेरॉल वाढलेल्या कॉफीप्रेमींना मी सांगतो की कागदी गाळणीतून गाळलेल्या कॉफीत ते वाढवणारी स्निग्ध द्रव्ये फारशी उरत नाहीत. आणि वाफाळता चहा घशात ओतणाऱ्यांना सांगतो की ६५ अंश सेल्सियसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाशी निगडित असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली म्हटले आहे. आपल्या आजोबांची बशी त्या दृष्टीने शहाणीच होती.

मात्र ‘बंद’ हा शब्द लिहिण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो : ‘दिवसातला पहिला चहा कधी आणि कुणाबरोबर घेता?’ उत्तरे ऐकण्यासारखी असतात. कुणी गिरणीतून सुटल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर मित्रांसोबत घेतो. एका विधवा आजींनी सांगितले की त्या रोज दोन कप करतात आणि दुसरा मोलकरीण येईपर्यंत झाकून ठेवतात. एक बँकेतले गृहस्थ म्हणाले, ‘कॉफी, साहेब. एकटा. बायको उठायच्या आत.’ या प्रत्येकाला काय कमी करता येईल आणि काय काढून घेऊ नये, हे त्या उत्तरात असते. कप लहान करता येतो, साखर काढता येते, वेळ सरकवता येते. क्वचित खरोखरच बंद करावे लागते. तेव्हा त्या वेळेला दुसरे काय ठेवायचे याचा विचार मी रोग्यासमोर बसूनच करतो. माझ्या वडिलांनी नेमके तेच विचारले होते.

तो पथ्याचा कागद माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. माझ्या दोन रेघा मारलेल्या ओळीवर पत्नीने काट मारली आहे आणि खाली तिच्या बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘पहाटे ५ – चहा, ८० मिलि., आईंबरोबर.’ चाळीस वर्षांच्या व्यवसायात मी याहून चांगली औषधचिठ्ठी पाहिलेली नाही.

लेख पुरा झाल्यावर तिला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, ‘कॉफीवर कमी लिहिलंय.’ आक्षेप मान्य आहे. काय करणार? ती कॉफी पीत असताना तिला काही विचारायचे नाही, असा आमच्या घरचा नियम आहे.